उगाच डोक्यावर घेतलेले

निर्वाणा या बँडच्या कर्ट कोबेनला गिटारिस्ट म्हणून उगाच डोक्यावर घेतलंय, असं माझा एक मित्र कित्येक वर्षं म्हणत आलाय. तो स्वतः गिटार वाजवतो, चांगली वाजवतो. वाजवणाऱ्या माणसाला या विषयावर बोलण्याचा जास्त अधिकार असतो, हे मला मान्य आहे. मी वाजवत नाही. मी ऐकते, फार मन लावून ऐकते. आणि तो हे वाक्य बोलला की मला गप्प बसवत नाही.

त्याच्या रागाचं मूळ एका यादीत आहे. २००३ साली ‘रोलिंग स्टोन’ या मासिकानं शंभर थोर गिटारिस्टांची यादी छापली. समीक्षक डेव्हिड फ्रिक यांनी ती केली होती. तिच्यात कोबेन बाराव्या क्रमांकावर होता आणि एडी व्हॅन हेलन सत्तराव्या. गिटार शिकणाऱ्या कुठल्याही माणसाच्या जिव्हारी लागावं असंच हे आहे. १९७८ च्या पहिल्या अल्बमवरचा व्हॅन हेलनचा ‘इरप्शन’ हा तुकडा जेमतेम १ मिनिट ४२ सेकंदांचा. पण उजव्या हाताची बोटं थेट फ्रेटबोर्डवर, म्हणजे डावा हात जिथे तारा दाबतो तिथे, ठोकून काढलेले त्यातले सूर ऐकून त्या पिढीतली असंख्य पोरं आपापल्या खोलीत कोंडून घेऊन बसली. हे ठोकणं, म्हणजे टॅपिंग, त्याच्याआधीही लोक करत होते. पण त्याच्यानंतर इलेक्ट्रिक गिटारचा वेग, तिचा आवाज, तिच्याकडून असलेल्या अपेक्षा, सगळंच बदललं. त्याला सत्तरावा ठेवणं हा अन्यायच होता. इथपर्यंत मी मित्राच्या बाजूनं आहे.

मग २०११ साली त्याच मासिकानं नवी यादी केली. या वेळी मतं देणाऱ्यांत बरेच गिटारिस्ट होते. व्हॅन हेलन आठवा झाला, कोबेन त्र्याहत्तरावा. मित्राला वाटतं, न्याय झाला. मला त्या उलथापालथीत दुसरंच दिसतं. कोबेन १९९४ मध्येच गेला होता. २००३ ते २०११ या काळात त्यानं एकही नवा सूर वाजवला नाही, जुना एकही पुसला नाही. निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम १९९१ मध्ये जसा होता तसाच होता. बदलले फक्त मतं देणारे, आणि मतं देणाऱ्यांची मोजपट्टी. एकाच माणसाला एक पट्टी बारावा ठरवते आणि दुसरी त्र्याहत्तरावा, तर त्या पट्ट्या नेमकं काय मोजतायत हे आधी विचारायला हवं.

म्हणून मी मित्राला म्हटलं, क्रमांक राहू देत, ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’मधला सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, लाव. त्यानं लावला आणि म्हणाला, “हा सोलोच नाहीये. अंतऱ्याची चाल जशीच्या तशी वाजवलीये त्यानं.” अगदी बरोबर. कोबेन गायलेली चालच गिटारवर पुन्हा म्हणतो, जराही सजवत नाही. त्या जागी दुसरं काय चाललं असतं? गाणं आधीच कुजबूज आणि किंकाळी या दोन टोकांमध्ये हेलकावे खातंय. मध्येच कुणी बोटांची करामत दाखवायला लागलं असतं, तर ऐकणाऱ्याचं लक्ष गाण्यावरून उडून वाजवणाऱ्यावर गेलं असतं. कोबेननं सोलोची जागा घेतली आणि ती गाण्यालाच परत दिली. शब्द गेलेत, चाल उरलीये, आणि गिटारचा आवाज असा खरवडलेला की ती चाल आता कुणीतरी दात आवळून म्हणतंय असं वाटतं. हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे असं मी म्हणते. मित्र म्हणतो, त्याला त्याहून जास्त येतच नव्हतं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, आणि मला त्यात अडचण वाटत नाही. जे येतं त्यातलं कुठं किती वापरायचं, ही समज बोटांच्या तयारीपेक्षा वेगळी असते आणि ती शिकवणीत मिळत नाही.

आमचे बहुतेक सगळे वाद याच वळणावर येतात. त्याच्या लेखी गिटारिस्ट म्हणजे गाणं थांबल्यावर पुढे येऊन बोलणारा. माझ्या लेखी गिटारिस्ट म्हणजे गाणं ज्याच्यावर उभं आहे तो.

जॉनी मारचं घ्या. त्याच्या द स्मिथ्स या बँडचं ‘धिस चार्मिंग मॅन’ १९८३ साली आलं तेव्हा तो जेमतेम विशीत होता. त्या गाण्यात सोलो म्हणावा असा तुकडा नाही. पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत गिटार एका जागी बसत नाही. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, नुसते धरून वाजवण्याऐवजी तो ते मोडून त्यांच्या सुरांची एक सतत धावणारी ओळ करतो. गायक मॉरिसीची चाल एका रस्त्यानं जाते, मारची शेजारच्या. दोघं एकमेकांचे पाय तुडवत नाहीत. मित्र म्हणाला, “छान आहे, पण अवघड काय आहे त्यात?” मी म्हटलं, गाण्यातला दुसरा गायक होणं अवघड आहे. गायकाच्या मागे लपायचंही नाही आणि त्याच्या पुढेही जायचं नाही, आणि हे सलग तीन मिनिटं.

यू-टू या बँडच्या दि एज या गिटारिस्टवर त्याचा आक्षेप आणखी कडक आहे. त्याच्या मते तिथे माणूस कमी वाजवतो आणि डिले, म्हणजे सूर परत ऐकवणारं यंत्र, जास्त वाजवतो. १९८७ च्या ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ची सुरुवात मी त्याला पुन्हा ऐकायला लावली. एज एक सूर छेडतो, यंत्र तो ठरावीक अंतरानं परत देतं, आणि एजचा पुढचा सूर दोन प्रतिध्वनींच्या मधल्या पोकळीत पडतो. त्यामुळे साध्या चालीची दुप्पट घनतेची जाळी तयार होते. यंत्राचं अंतर गाण्याच्या लयीशी बांधलेलं असतं. वाजवणारा तसूभर ढळला की जाळी फाटते आणि नुसता गोंगाट उरतो. मित्रानं स्वतःच्या डिलेवर ते वाजवून पाहिलं. बोटांना सोपं आहे, असं तो म्हणाला, आणि कानाला सोपं नाही, असंही म्हणाला. मला तेवढं पुरे होतं. एजबद्दलचं मत मात्र त्यानं बदललेलं नाही.

आणि मग केव्हिन शील्ड्स. इथे मी सहजासहजी माघार घेत नाही. त्याच्या माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडचा ‘लव्हलेस’ हा अल्बम १९९१ च्या नोव्हेंबरमध्ये आला, ‘नेव्हरमाइंड’नंतर दोनच महिन्यांनी. पुष्कळ स्टुडिओ बदलत, दोनेक वर्षं त्याचं रेकॉर्डिंग चाललं होतं. ज्यांना तो आवडत नाही त्यांची तक्रार ठरलेली: सगळा पेडलांचा, म्हणजे आवाज बदलणाऱ्या यंत्रांचा, खेळ आहे, शेकडो गिटारी एकावर एक चढवल्यात, कुणालाही जमेल. यातलं जवळजवळ काहीच खरं नाही. शील्ड्सचा तो वितळल्यासारखा, सतत किंचित बेसूर होत पुन्हा सुरात येणारा आवाज मुख्यतः हातातून येतो. गिटारच्या ब्रिजला असलेला ट्रेमोलोचा दांडा लोक सहसा एखादा सूर थरथरवायला वापरतात. शील्ड्स तो दांडा तळहातात धरून ठेवतो आणि त्याच हातानं तारा छेडत राहतो. प्रत्येक फटक्याबरोबर सगळा कॉर्डच थोडा खाली झुकतो, थोडा वर येतो. जोडीला उलटा वाजणारा रिव्हर्ब, म्हणजे घुमणारा आवाज, असतो, त्यामुळे सुराची सुरुवात बोथट होते आणि तो नेमका कधी उमटला ते कळत नाही. आणि गिटारचे थर लोकांना वाटतात त्याहून फार कमी आहेत, असं त्यानं स्वतः वेळोवेळी सांगितलंय.

म्हणजे वाद्य धरण्याची एक नवी रीतच या माणसानं काढली. व्हॅन हेलननं उजवा हात फ्रेटबोर्डवर नेला, शील्ड्सनं उजव्या हाताला दांड्याशी जखडून टाकलं. माझ्या दृष्टीनं दोघं एकाच जातीचे संशोधक आहेत. फरक एवढाच की व्हॅन हेलनचा शोध ऐकताच दिसतो आणि शील्ड्सचा शोध आवाजात विरून जातो. जे दिसतं त्याला दाद पटकन मिळते. मित्राला हे पटत नाही. त्याचं म्हणणं, नवी रीत काढणं वेगळं आणि त्या रीतीवर हुकमत असणं वेगळं. शील्ड्सला दहा वेगवेगळ्या गाण्यांत दहा वेगवेगळ्या गोष्टी सांगता येतात का ते दाखव. हा आक्षेप चांगला आहे. मी त्याला ‘समटाइम्स’ आणि ‘सून’ ही दोन गाणी ऐकवली. एकात गिटारची जाड घोंगडी पांघरून कुणी हळू आवाजात बोलतंय, दुसऱ्यात तीच गिटार ठेक्यावर नाचतेय. तो म्हणाला, दोनच झाली. आमचं हे भांडण अजून संपलेलं नाही.

गिटारवरून भांडताना निदान एक सोय असते: बोटं काय करतायत ते दाखवता येतं. इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर गाणी काढणाऱ्या, कलाकारांवरून वाद झाला की ती सोय जाते, कारण तिथे गाण्याबरोबर एक गोष्टही आलेली असते. आणि लोक गोष्टीवर फार प्रेम करतात.

बॉन इव्हेअर या नावानं गाणाऱ्या जस्टिन व्हर्ननच्या ‘फॉर एम्मा, फॉरएव्हर अगो’ या अल्बमबद्दल माझं मत माझ्या एका मैत्रिणीला सहन होत नाही. जस्टिन व्हर्ननचा बँड मोडला होता, प्रेमसंबंध संपले होते, तो आजारी होता. २००६-०७ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या वडिलांच्या शिकारीच्या केबिनमध्ये जाऊन त्यानं एकट्यानं बरंचसं रेकॉर्डिंग केलं. आधी ते स्वतःच काढलं, मग २००८ मध्ये जॅगजॅगुवार या लेबलनं सगळीकडे पोहोचवलं. बॉन इव्हेअर हे नाव ज्यानं ज्यानं घेतलं, त्यानं ती केबिन आणि तो बर्फ आधी सांगितला. माझं म्हणणं असं की ‘स्किनी लव्ह’ हे पक्कं गाणं आहे, ‘फ्लूम’ची सुरुवात सुंदर आहे. पण बाकीच्या बऱ्याच गाण्यांत एकावर एक चढवलेल्या त्या उंच आवाजाचा नुसता धुरळा आहे, आणि चाल कच्ची आहे तिथे आपण मनातली केबिन आणून ठिगळ लावतो. केबिन वजा केली तर हा बरा अल्बम आहे, थोर नाही.

मैत्रिणीनं यावर दिलेलं उत्तर मी अजून घोळवतेय. ती म्हणाली, “वजा कशाला करायची? केबिन ऐकून मी अल्बम लावला हे खरं. पण पुन्हा पुन्हा लावला तो केबिनसाठी नाही. शब्द कळत नाहीत आणि तरी माणूस कळतो, म्हणून.” मग तिनं ‘द वुल्व्ह्ज’चा शेवट लावला, जिथे एकच ओळ परत परत येते आणि तिच्याखाली आवाज ढासळत जातात. तिथे मला चाल कच्ची वाटत होती. तिला तिथे चाल मुद्दाम सोडून दिलेली ऐकू येते. तिचं ऐकणं माझ्याइतकंच बारकाईचं आहे. माझं मत मात्र तेच राहिलं.

गोष्टीचा जोर किती असतो याचा पुरावा न्यूट्रल मिल्क हॉटेल या बँडच्या दुसऱ्या अल्बमइतका स्वच्छ कुठेच नाही. ‘इन दि एरोप्लेन ओव्हर द सी’ १९९८ मध्ये आला तेव्हा पिचफोर्क या संगीताच्या वेबसाइटनं त्याला १० पैकी ८.७ गुण दिले. नंतर बँडचा गायक जेफ मँगम जवळजवळ दिसेनासा झाला, ना नवा अल्बम, ना दौरे. २००५ मध्ये अल्बम पुन्हा निघाला तेव्हा त्याच पिचफोर्कनं पूर्ण १० दिले. मधल्या सात वर्षांच्या शांततेनं ते १.३ गुण मिळवले, असं मला वाटतं. गंमत अशी की हा अल्बम मला जिवापाड आवडतो. ‘ओ कमली’ची आठ मिनिटं, एक गिटार आणि फाटण्याच्या बेतात असलेला तो आवाज, गाणं संपताना स्टुडिओतल्या कुणाचा तरी थक्क उद्गार रेकॉर्डिंगमध्ये तसाच राहून गेलाय. पण गुण ८.७च राहिले असते तरी मला तो तितकाच आवडला असता. गिटारवाला मित्र याला चार कॉर्ड आणि आरडाओरडा म्हणतो. कॉर्ड चारच असतील. आरडाओरडा म्हणणाऱ्याशी मात्र मी भांडते.

२००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात सॅल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या तिघा संशोधकांचा एक प्रयोग छापून आला. अनोळखी बँडांची ४८ गाणी, १४ हजारांहून जास्त ऐकणारे. काहींनी गाणी नुसतीच ऐकली, गुण दिले, हवी ती उतरवून घेतली. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकलं आणि आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी उतरवलं तो आकडा दाखवला. सुरुवात सगळ्यांची शून्यापासून. आकडे दिसणाऱ्या गटांत लोकप्रिय गाणी आणखी लोकप्रिय झाली, मागे पडलेली आणखी मागे पडली, आणि प्रत्येक गटातली विजयी गाणी वेगळी निघाली. अगदी चांगली गाणी क्वचितच तळाला गेली, अगदी वाईट क्वचितच वर आली. मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकत होतं.

हा प्रयोग मी दोन्ही बाजूंच्या मित्रमैत्रिणींना सांगते. जे म्हणतात की चांगलं असेल ते वर येतंच, त्यांना गायक-गिटारिस्ट निक ड्रेक दाखवते. १९७४ मध्ये तो गेला तोवर त्याचे तीन अल्बम निघाले होते आणि तिन्ही जेमतेम खपले होते. पाव शतकानंतर ‘पिंक मून’ हे गाणं एका मोटारीच्या जाहिरातीत वाजलं आणि खप एकदम उसळला. तारा लावायची त्याची ती विचित्र ट्यूनिंग, अंगठ्याची ती न चुकणारी लय, सगळं १९७२ पासून जागेवरच होतं. आणि जे म्हणतात की सगळं नशीब आणि गवगवा आहे, त्यांना मी प्रयोगाची दुसरी बाजू सांगते: तळ आणि शिखर अगदीच हवेत नसतात. म्हणूनच आमच्या वादांना अर्थ आहे. सगळंच नशीब असतं तर भांडायला उरलं काय असतं?

बायकांच्या बाबतीत हे आणखी टोचतं. २००३ च्या त्या यादीत शंभरात दोनच बायका होत्या, जोन जेट आणि जोनी मिचेल, जोनी बहात्तरावी. २०२३ च्या यादीत ती नववी आली. मित्र म्हणाला, काळाचं राजकारण आहे हे. मी त्याला ‘हेजिरा’ हा १९७६ चा अल्बम काढायला लावला आणि म्हटलं, यातलं कुठलंही गाणं वाजव. नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ते बसेना. नवव्या वर्षी झालेल्या पोलिओमुळे जोनीचा डावा हात अशक्त राहिला होता. त्याला झेपेल अशा रीतीनं ती तारा वेगवेगळ्या लावत गेली आणि अशी पन्नासच्या वर ट्यूनिंग तिनं वापरली. त्यातून जे कॉर्ड निघाले ते दुसऱ्या कुणाच्या गिटारमध्ये नव्हतेच. मित्र बराच वेळ खुंट्या पिळत बसला. शेवटी म्हणाला, “नववी ठीक आहे.” बहात्तराव्या क्रमांकाला राजकारण का नाही म्हणायचं, हे मी त्याला तेव्हाच विचारलं, आणि त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

एक प्रकारचा वाद मात्र मी घालत नाही. आवडता बँड चार लोकांना कळला की तो आता पूर्वीसारखा राहिला नाही म्हणणारे. आर्केड फायरला २०११ मध्ये ‘द सबर्ब्स’साठी ग्रॅमीचा सर्वोत्तम अल्बम मिळाला तेव्हा ‘फ्युनरल’ या जुन्या अल्बमपासूनचे काही चाहते अक्षरशः रुसले. ही भावना कुठून येते ते मी समजू शकते. १९७७ मध्ये बझकॉक्स या बँडनं उसन्या पाचशे पौंडांत आपली ‘स्पायरल स्क्रॅच’ ही रेकॉर्ड स्वतःच काढली तेव्हापासून इंडी ऐकणाऱ्याला वाटत आलंय की हे संगीत कंपन्यांनी आपल्यापर्यंत पोहोचवलेलं नाही, आपण ते शोधून काढलंय. शोधणाऱ्याला मालकी वाटते. पण जास्त कान लागले म्हणून ‘फ्युनरल’वरच्या ‘वेक अप’मधला एकही सूर खाली सरकत नाही. या रुसव्यात संगीताबद्दल काहीच नसतं, म्हणून तिथे मला बोलण्यासारखं काही सापडत नाही.

बाकी सगळ्या वादांना मी तयार असते, अट एकच: जागा दाखव. कितव्या मिनिटाला, कुठल्या ओळीखाली. मित्रानंही ही अट माझ्यावर उलटवलीये. टेलिव्हिजन या बँडचा ‘मार्की मून’ हा अल्बम मला कोरडा वाटतो असं मी म्हटल्यावर त्यानं दहा मिनिटांचं ते शीर्षकगीत लावलं आणि एकेका कानात एकेक गिटार ऐकायला सांगितली. टॉम व्हर्लेन आणि रिचर्ड लॉइड एकमेकांच्या मधल्या जागा भरतात, दोघांत मुख्य कोण ते ठरतच नाही. कुठला सोलो कुणाचा, हे त्यांनी अल्बमवर छापूनच ठेवलं होतं. तो लांबलचक सोलो एकेक पायरी चढत वर जातो आणि शेवटी सगळा बँड एकदम फुटतो, तिथे मित्रानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तो स्वतःच ऐकण्यात बुडाला होता. व्हर्लेनचा गळा मला आजही आवडत नाही. पण त्या गिटारींना आता कुणी कोरडं म्हणालं, तर मीच त्याला एकेका कानात ऐकायला सांगेन.

सध्या आमचं जुंपलंय जॉनी ग्रीनवूडवरून. रेडिओहेडच्या ‘क्रीप’मध्ये कोरसच्या तोंडाशी तो दाबलेल्या तारांवर जे फटकारे मारतो, त्यात ना सूर आहे ना चाल. गाण्याचा मऊपणा त्याला आवडत नव्हता, म्हणून त्यानं ते मारले असं सांगतात. मित्र म्हणतो, ही कलाकारी नाही, वैताग आहे, आणि यासाठी त्याला थोर म्हणणं म्हणजे हद्द झाली. मी म्हणते, वैतागच आहे, आणि अख्ख्या गाण्यात ती एकच गोष्ट खरोखर धोकादायक वाटते. आता तो मला ते फटकारे काढून टाकलेलं गाणं वाजवून दाखवणार आहे. त्याच्या मते काही बिघडणार नाही. मी वाट बघतेय.